इंजिन ऑइल: सेन्सरवर विसंबायचं की डिपस्टिकवर?

बारामती-इंदापूरच्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडलं की मेकॅनिक आधी डिपस्टिक ओढतो. बीएमडब्ल्यूने मात्र 2000 नंतरच्या दशकातच अनेक इंजिनांमधून ही पट्टी काढून टाकली. तिथे ऑइलची पातळी सेन्सर सांगतो. मग भरवसा कुणावर ठेवायचा?

मालक विसरला तरी सेन्सर इशारा देतो. पण तोच बिघडला, तर पडताळायला दुसरं साधन उरत नाही. डिपस्टिक सहसा बिघडत नाही, पण ती कुणीतरी आठवणीने बघावी लागते.

खरा घोळ लाल दिव्याचा आहे. तेलाच्या किटलीचा लाल दिवा पातळी नव्हे, तर ऑइलचा दाब कमी झाल्याचं सांगतो. तो लागल्यावर 'इंदापूरपर्यंत जाऊ' म्हटलं, तर इंजिनच जाऊ शकतं. गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करायची.

बीएस-6 डिझेल गाड्यांमध्ये आणखी एक पेच आहे. डीपीएफ फिल्टरमधली काजळी जाळताना थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरू शकतं. घर ते बाजार समिती अशा छोट्या फेऱ्यांमध्ये हे जास्त होतं. ऑइल पातळ होतं आणि पातळी उलट वाढते. फक्त कमी पातळीचा इशारा देणारा सेन्सर इथे गप्पच राहतो.

म्हणून डिपस्टिक असेल, तर महिन्यातून एकदा सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पाहा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल, तर गाडी गॅरेजला न्या.