हौसेला मोल नाही

बस विकायला काढली आहे. म्हणजे आमची राहती बस. 2001 सालच्या मॉडेलची स्कूल बस, जिच्यात आम्ही नवरा-बायको आणि आमची चिमुरडी गेली तीन वर्षं राहतो आहोत. न्यू मेक्सिकोत, टाऊस गावाबाहेर, समुद्रसपाटीपासून साधारण सात हजार फुटांवरच्या माळरानात. विजेची तार नाही, नळ नाही, ड्रेनेज नाही. इथे याला 'ऑफ-ग्रिड' म्हणतात आणि फार कौतुकानं म्हणतात. आमच्याकडच्या एखाद्या धनगरवाड्यावर हेच असलं, तर त्याला 'सोयी पोचल्या नाहीत' म्हणतात. असो.

विकायचं कारण ऐकून तुम्ही हसाल. मुलगी ऑगस्टपासून शाळेत जाणार, आणि शाळेची बस आमच्या स्कूल बसपर्यंत येत नाही! डांबरी रस्त्यापर्यंत येते, तो सहा मैलांवर. बर्फ वितळायला लागलं की मधल्या मातीच्या रस्त्याची अशी काही लापशी होते की फोर-व्हील ड्राइव्हसुद्धा हात जोडते. तेव्हा आता गावात भाड्याचं घर घ्यायचं. त्याच्या डिपॉझिटसाठी नि पुढच्या काही महिन्यांसाठी पैसे हवेत. ते बसमध्ये अडकलेत.

किंमत ठरवायला बसलो त्या रात्री नवऱ्यानं एक्सेल उघडलं. बस साडेचार हजार डॉलर. सामान, म्हणजे लाकूड, इन्सुलेशन, सोलर, बॅटऱ्या, टाक्या, शेगडी, मिळून एकतीस हजार. आणि मग त्यानं एक नवी ओळ घातली: 'मेहनत'. चौदाशे तास, तासाला वीस डॉलर या दरानं अठ्ठावीस हजार. एकूण साडेत्रेसष्ट हजार! आकडा बघून आम्ही दोघंही पाच मिनिटं खूश होतो.

मग दुसऱ्यांच्या जाहिराती पाहिल्या. साठ, पासष्ट, पंचाहत्तर हजारांच्या बसगाड्या. सुंदर. आणि त्यातल्या कित्येक आठ-आठ, दहा-दहा महिने तिथेच उभ्या. प्रत्येकीखाली साधारण सारखाच मजकूर: 'आम्ही यात आमचा जीव ओतला आहे.' ओतला असणारच, मला शंका नाही. पण ज्याला बस घ्यायचीय त्यानं तुमच्या जिवाचे पैसे का द्यावेत?

'हौसेला मोल नाही' ही म्हण लहानपणापासून ऐकत आले. पैठणी घेताना, लग्नात बँड सांगताना, खर्च करायच्या वेळीच ती कुणाला तरी आठवते. तिचा दुसरा अर्थ विकायला बसल्याशिवाय कळत नाही. हौसेला मोल नाही म्हणजे खरंच नाही, कुणी देत नाही. छताला देवदाराच्या फळ्या बसवायला नवऱ्याला तीन आठवडे लागले, कारण बसचं छत दोन्ही बाजूंनी वळतं आणि प्रत्येक फळी वेगळी कापावी लागते. त्या तीन आठवड्यांत तो जितका आनंदात होता तितका मी त्याला क्वचितच पाहिलाय. तो आनंद त्यानं घेतला, वापरून संपवला. आता त्याचेच पैसे दुसऱ्याकडून मागणं म्हणजे जेवून झाल्यावर ताट विकण्यासारखं आहे.

माझे वडील, अण्णा, मिरज डेपोत मेकॅनिक होते. एस.टी.च्या गाड्यांखाली पडून राहण्यात तीस वर्षं गेली. व्हिडिओ कॉलवर त्यांना एक्सेल दाखवलं तर त्यांनी विचारलं, "भंगारात किती जाईल ते सांग आधी. तिथनं वर मोजत यायचं. तुम्ही वरनं खाली येताय."

मला हे पटलं. बस विकत घेणारा खरं म्हणजे काय घेतो? इंजिन, गिअरबॉक्स, चासी, ब्रेक, टायर आणि कागद. आमचं इंजिन चांगलं आहे, इंटरनॅशनलचं डीटी 466, सहा सिलिंडरचं, मुळात शेतीच्या यंत्रांसाठी आणि दणकट म्हणून नावाजलेलं. अॅलिसनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. या गाड्यांचा सांगाडाही भक्कम असतो, छताला पोलादी कमानी असतात, कारण गाडी उलटली तरी आतली मुलं वाचावीत हा मूळ हिशेब. अमेरिकेत स्कूल बस कशी असावी हे 1939 साली ठरलं. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर नावाच्या प्राध्यापकांनी बैठक बोलावली होती, तिथे 44 मानकं ठरली. पिवळा रंगही तिथलाच. पहाटेच्या अंधुक उजेडात त्यावरची काळी अक्षरं चटकन दिसतात म्हणून. (शाळेच्या सेवेतून निघाल्यावर अनेक राज्यांत तो रंग बदलावाच लागतो. आमची बस आता फिक्या निळ्या रंगाची आहे, पण दाराच्या बिजागरीपाशी अजून जुना पिवळा डोकावतो.)

कागदांचंही तसंच. गाडीच्या टायटलवर 'बस' लिहिलंय की 'मोटरहोम', यावर बरंच अवलंबून असतं. दर राज्याचा नियम वेगळा. बहुतेक ठिकाणी झोपायची, स्वयंपाकाची, पाण्याची कायमची सोय दाखवावी लागते. घरी बनवलेल्या बसचा विमा उतरवायला अनेक कंपन्या सरळ नाही म्हणतात. घेणाऱ्याच्या दृष्टीनं हा एक कागद आमच्या सगळ्या फळ्यांपेक्षा मोलाचा आहे. जाहिरातीत मात्र तो शेवटून दुसऱ्या ओळीत असतो.

आणि फोटो! पहिला फोटो कुठला असतो सांगू? मागचं दार उघडं, आतून गादीवरून दिसणारा सूर्यास्त, लुकलुकणारे दिवे, पितळी भांड्यात एक रोप. आम्हीही तोच काढला होता. 2021 साली 'नोमॅडलँड'ला ऑस्कर मिळालं. त्या सिनेमात बादलीत शौचाला बसण्याचा प्रसंगही आहे, पण लोकांच्या लक्षात सूर्यास्त राहिले.

माझं म्हणणं असं आहे की ऑफ-ग्रिड घर विकताना स्वातंत्र्य विकू नये, हिशेब विकावा. आमचाच सांगते. छतावर 1200 वॅटची पॅनेलं. बॅटरी 12.8 व्होल्टची, 400 अँपिअर-तासांची, म्हणजे पूर्ण भरली तर जेमतेम पाच युनिट वीज. उन्हाळ्यात तेवढी रोज मिळते. डिसेंबरात बर्फ झाडलं नाही तर काहीच मिळत नाही, मग छतावर चढायचं झाडू घेऊन. दोन दिवस ढग राहिले की फ्रीज बंद करून भाज्या बाहेर ठेवायच्या. बाहेर फ्रीजपेक्षा थंड असतंच म्हणा. या लिथियम बॅटऱ्या गोठणबिंदूखाली चार्ज करायच्या नसतात, खराब होतात. म्हणून त्या पलंगाखाली, उबेत, घरातल्या म्हाताऱ्या माणसासारख्या जपाव्या लागतात. पाण्याची टाकी शंभर गॅलनची, म्हणजे सुमारे 380 लिटर. आम्हा तिघांना ती दहा दिवस पुरवायची. करा भागाकार. माणशी तेरा लिटरही नाही. आणि या उंचीवर पाणी 93 अंशांनाच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. कुकरची शिट्टी ऐकून एकदा शेजारचा (दीड मैलावरचा) माणूस विचारायला आला होता, सगळं ठीक आहे ना म्हणून.

ही तक्रार नव्हे. मला आवडलं इथे. पण 2016 च्या उन्हाळ्यात माझ्या मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं होतं, आणि तिथल्या बायका हंडा मोजून पाणी वापरत होत्या तेव्हा त्याला कुणी जीवनशैली म्हटलं नव्हतं. आम्ही तेरा लिटरांत हसत राहिलो, कारण नको झालं की गावात जाता येत होतं. कपडे गावातच धुतो. गॅसचा सिलिंडर गावातच भरतो. मुलीला ताप आला की दवाखानाही गावातच. एक तार तोडली होती, बाकीच्या दहा तशाच होत्या.

आता जे सांगायचं टाळत होते ते. बस आम्ही स्वस्तात घेतली कारण ती लांबून, थंडीत रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यातून आणली. मीठ खालून लोखंड खातं. फरशी उखडली तेव्हा गंज दिसला होता. घासला, औषध लावलं, रंगवला. यंदा मार्चमध्ये नवरा खाली शिरला तर मागच्या चाकांमागचा एक आडवा लोखंडी पट्टा बोटानं दाबून पापुद्रे निघावेत इतका गेलेला. अण्णांना फोटो पाठवला. ते म्हणाले, "इंजिन म्हातारं झालं की बोलतं गं पोरी. चासी बोलत नाही."

नवऱ्याचं म्हणणं होतं, विचारलं तर सांगू. तसं पाहिलं तर त्यात बेकायदेशीर काही नाही. जुनी गाडी माणसं 'जशी आहे तशी' विकतात आणि तपासणं घेणाऱ्याचं काम असतं. मीही मान डोलावली. चौतीस हजार मागत होतो. त्यात घराचं डिपॉझिट होतं आणि वर्षभराची थोडी बेगमी होती.

एप्रिलमध्ये कोलोरॅडोहून एक जोडपं आलं. पंचविशीतलं. तो सहा फूट दोन इंच, आणि आमचं छत इन्सुलेशननंतर सहा फूट भरतं. दोनदा डोकं आपटलं, दोन्ही वेळा हसला. ती मुलीच्या बंकवर जाऊन आडवी झाली आणि तिथूनच म्हणाली की आम्हाला हीच हवी. पैसे? साठवलेले सगळे, आणि थोडे तिच्या आईचे. तासभर होते. पडद्याचं कापड कुठलं ते विचारलं. शेगडीत कुठलं लाकूड जाळता ते विचारलं. खाली कुणी वाकून पाहिलं नाही.

चहा झाला. नवरा माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. 'विचारलं तर सांगू' हे घरात बोलताना किती सभ्य वाटलं होतं! समोर बसलेल्या मुलाला काय विचारायचं हेच माहीत नसलं तर त्याचा अर्थ सरळ फसवणूक होतो. कायदा काहीही म्हणो. मी म्हटलं, "बाहेर चला, एक गोष्ट दाखवायची आहे."

टॉर्च घेऊन नवरा आणि तो मुलगा खाली शिरले. ती माझ्याजवळ उभी राहिली, काही बोलली नाही. वेल्डर अठ्ठावीसशे सांगतो, पण उघडल्यावर अजून निघू शकतं, हेही सांगितलं. विचार करून कळवतो म्हणाले. मोटार वळणाआड गेल्यावर नवरा म्हणाला, "गेले." आणि मग पाणी आणायला निघून गेला. त्या दिवशी पाणी आणायची पाळी नव्हती.

त्या रात्री जाहिरात नव्यानं लिहिली. जीव ओतल्याचं वाक्य काढलं. पहिल्या ओळीत इंजिन, मैल आणि टायटल. दुसऱ्या परिच्छेदात पाच युनिट आणि तेरा लिटर. किंमत सत्तावीस हजार. सात हजार कमी म्हणजे गावातलं बरेच महिन्यांचं भाडं, आणि ते लिहिताना माझा हात जड झाला होता हे खोटं कशाला सांगू. सूर्यास्ताचा फोटो ठेवलाय, पण नववा. पहिला फोटो त्या गंजलेल्या पट्ट्याचा आहे, शेजारी मोजपट्टी धरून.

पहिले दहा दिवस एकही फोन नाही. गेल्या आठवड्यात तीन आले. तिघांनीही पहिलं गंजाबद्दलच विचारलं. त्यातला एक जण शनिवारी येतोय, येताना स्वतःचा जॅक घेऊन येतो म्हणाला.