अर्ध्या दिवसाचे बार्बाडोस

बार्बाडोस हे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले ते क्रिकेटमुळे. १९६२ साली ब्रिजटाउनच्या मैदानावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर बसला, आणि त्याला रक्त देणाऱ्यांत उम्रीगर, नाडकर्णी, बोर्डे यांच्याबरोबर वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेलही होता, ही हकीकत वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकली आहे. २०२४ च्या जूनमध्ये त्याच मैदानावर भारताने वीस षटकांचा विश्वचषक जिंकला, तो तर आपण रात्री जागून पाहिला. मैदानाबाहेरचे बेट मात्र आपल्याला ठाऊक असते ते पर्यटनाच्या रंगीत पत्रकांपुरतेच. त्या पत्रकांत हमखास आढळणारा एक प्रकार म्हणजे ‘मार्गदर्शकासह अर्ध्या दिवसाची सहल’. या लेखात तिच्याविषयी थोडे बोलायचे आहे.

बेट लहान आहे. लांबी सुमारे ३४ किलोमीटर, क्षेत्रफळ ४३० चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे गोव्याचा आठवा-नववा हिस्सा. सकाळी प्रवासी जहाज धक्क्याला लागते. (या जहाजांच्या स्वयंपाकघरांत आणि केबिनींत राबणाऱ्यांत आपले गोव्याचे तरुण पुष्कळ असतात. प्रवासी सहलीला निघतात तेव्हा त्यांचे काम चालूच असते.) बस निघते. ब्रिजटाउनमधील संसदेची दगडी इमारत, गन हिलची टेकडी, एखादी जुनी हवेली, पूर्व किनाऱ्यावर बॅथशीबाचे लाटांनी खालून कुरतडलेले प्रचंड खडक, शेवटी रमचा एक घोट, आणि दुपारच्या जेवणाला मंडळी जहाजावर परत.

अशा सहलीला वरवरची म्हणून नाके मुरडणे सोपे आहे. मला तो आक्षेप मान्य नाही. चार तासांतही माणसाला पुष्कळ कळू शकते, आणि चार महिने राहूनही काही न कळणारे लोक आपण पाहतोच. दोष वेळेचा नाही. बस योग्य ठिकाणीच थांबते. तेथे जे सांगायला हवे ते मात्र सांगितले जात नाही.

गन हिलचेच पाहा. येथून अर्धे बेट नजरेखाली येते, वारा सुखद असतो, खाली दगडात कोरलेला पांढरा सिंह आहे. सगळे छायाचित्रे काढतात. पण हा मनोरा १८१८ साली कोणी निसर्गशोभेसाठी बांधला नव्हता. १८१६ च्या ईस्टरच्या दिवशी बुसा नावाच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली बेटावर मोठे बंड झाले. ते मोडून काढल्यावर, पुन्हा कोठे ठिणगी पडली तर निशाणांनी तत्काळ खबर पोहोचावी म्हणून इंग्रजांनी टेकड्यांवर अशा चौक्यांची साखळी उभारली. दृश्य विस्तीर्ण आहे, कारण जागाच टेहळणीसाठी निवडलेली आहे! उसाच्या मळ्यात राबणाऱ्या माणसांवर ज्या कठड्यावरून नजर ठेवली जाई, त्याच कठड्याला टेकून आपण ‘वा, काय देखावा!’ म्हणतो. हे दोन वाक्यांत सांगता येते. त्याला वेगळा दिवस लागत नाही.

पुढे रस्त्याच्या कडेला चिमुकली, रंगीबेरंगी लाकडी घरे लागतात. बाहुलीच्या घरासारखी ती दिसतात, आणि मार्गदर्शकही कौतुकाने दाखवतो. ही घरे पक्क्या पायावर नसून सुट्या दगडांवर ठेवलेली का? इंग्रजी कायद्याने १८३४ मध्ये गुलामगिरी संपली, १८३८ मध्ये सक्तीची उमेदवारीही संपली. पण जमीन मळेवाल्यांचीच राहिली. ब्रिटिश सरकारने आपल्या वसाहतींतल्या मालकांना दोन कोटी पौंड भरपाई दिली. ज्यांना राबवले त्यांना छदामही नाही. मुक्त झालेला मजूर मालकाच्याच जमिनीवर भाडे भरून राहिला. मालकाने निघ म्हटले की घर सोडवून, फळ्या गाडीवर घालून दुसरीकडे न्यायचे. म्हणून पाया नाही, म्हणून फळ्या. अशा जागेवर राहणाऱ्यांना ती जमीन स्वस्तात विकत घेण्याचा हक्क मिळाला तो थेट १९८० च्या कायद्याने. कूळकायद्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या भागातल्या मुलांना हे समजायला अवघड जाऊ नये.

उसाचेही तसेच. बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाला ऊस नवा नाही. गळिताचा हंगाम, तोडणीच्या टोळ्या, पाल्याने कापलेले हात त्याने पाहिलेले असतात. बार्बाडोसवर एके काळी ऊस गाळणाऱ्या पवनचक्क्या पाचशेच्या आसपास होत्या. आज मॉर्गन लुइस येथे त्यांतली एक संपूर्ण अवस्थेत उभी आहे. तिच्या पात्यांविषयी भरपूर सांगतात, आत ऊस सारणाऱ्या हातांविषयी थोडके.

यावर कोणी म्हणेल, सुटीवर आलेल्या माणसाचा दिवस कशाला नासवायचा? मार्गदर्शकाचीही अडचण मला कळते. साखरेचे दिवस ओसरले, बेटाचे पोट आता पर्यटनावर चालते, आणि पाहुण्याला खिन्न करून बक्षिसी मिळत नाही. पण याच पाहुण्याला रमच्या गुत्त्यावर ‘१७०३ पासून’ असे सांगितले की तो खूश होऊन बाटली विकत घेतो. म्हणजे इतिहासाचे त्याला वावडे नाही. त्याला इतिहास चाळून दिला जातो, एवढेच.

बेटावरच्या लोकांनी स्वतः तो चाळायचे सोडून दिले आहे, हे येथे नोंदवले पाहिजे. ब्रिजटाउनच्या चौकात १८१३ पासून नेल्सनचा पुतळा होता. लंडनच्या प्रसिद्ध स्तंभाहूनही जुना. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तो उतरवला गेला. पुढच्याच वर्षी, ३० नोव्हेंबर २०२१ रोजी, बार्बाडोस प्रजासत्ताक झाले. बुसा तर १९९८ पासूनच तेथील राष्ट्रीय वीरांच्या यादीत आहे.

मला विचाराल तर या सहलीत मी एकच बदल करीन. रमची चव अर्ध्या तासाने कमी करून बस क्राइस्ट चर्च भागातल्या न्यूटन मळ्याकडे वळवीन. तेथे उसाच्या शेताला लागून गुलामांची दफनभूमी आहे. १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञांनी ती अभ्यासली. सुमारे ५७० माणसे तेथे पुरली असावीत असा त्यांचा अंदाज आहे. छायाचित्र काढण्याजोगे तेथे फारसे काही नाही. एक उतरते गवताळ रान आहे, आणि पलीकडे ऊस.