पोळ्या गुंडाळायची फॉइल आणि मंडळाची प्रतिष्ठा

इथे आपण आजी-आजोबांच्या, वाड्यांच्या, जुन्या शाळांच्या आठवणी लिहितो. भांडण आणू नये हे मलाही कळतं. पण आमच्या बडोद्याच्या मंडळात परवा झालेल्या सभेतलं एक वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही: "अहो, पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचे स्पीकर आपल्या वास्तूत ठेवायचे? लोक काय म्हणतील?"

हकीकत थोडक्यात. मंडळाच्या वाचनालयात एक कपाट भरून कॅसेट आणि स्पूल आहेत. घरगुती मैफली, कीर्तनं, गणपतीतली गाणी. बहुतेक आवाज आपल्याच घरच्यांचे. ते ऐकायची सोय करायची असं ठरलं. इथपर्यंत उत्तम. मग ठराव झाला की तयार साउंड सिस्टिम आणायची, दोन उंच काळी खोकी आणि वर बेसची दोन वेगळी. आणि मंडळातल्याच दोन मुलांनी, एक बारावीची मुलगी आणि एक डिप्लोमाचा मुलगा, चार महिने खपून केलेली सपाट स्पीकरांची जोडी? "छान हं, कौतुक आहे," म्हणून जिन्याखाली. कौतुक करून जिन्याखाली ठेवणं आपल्याला फार छान जमतं.

"जुगाड" हा शब्द सभेत तीनदा आला. म्हणून ती वस्तू आहे काय, ते आधी सांगते. नेहमीच्या स्पीकरमध्ये कागदाचा शंकू असतो, त्याच्या मुळाशी तारेचं वेटोळं आणि भोवती लोहचुंबक. वेटोळं शंकूला ढकलतं, शंकू हवेला. या सपाट स्पीकरमध्ये, ज्याला प्लेनर मॅग्नेटिक म्हणतात, वेटोळं आणि शंकू वेगळे नसतातच. ताणलेल्या पातळ पॉलिएस्टर फिल्मवर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटवलेल्या, आणि मागे चुंबकांच्या उभ्या रांगा. एका रांगेचा उत्तर ध्रुव पुढे, शेजारच्या रांगेचा दक्षिण, मग पुन्हा उत्तर. त्यामुळे दोन रांगांच्या मधल्या फटीसमोर चुंबकक्षेत्र फिल्मला समांतर, आडवं जातं. बरोबर तिथे पट्टी. एका फटीसमोरून प्रवाह वर जातो, पुढच्या फटीसमोरून खाली येतो. क्षेत्राची दिशाही तिथे उलटलेली, म्हणून जोर सगळीकडे एकाच बाजूला लागतो आणि अख्खी फिल्म मागे-पुढे हलते. शाळेत डाव्या हाताची तीन बोटं ताठ करून फ्लेमिंगचा नियम घोकला होता ना? तोच. याला जुगाड म्हणायचं तर घरच्या मिक्सरलाही म्हणा.

अमेरिकेत थ्रीएम कंपनीत काम केलेले अभियंता जिम वायनी यांनी याच तत्त्वावर १९६९ मध्ये मॅग्नेपॅन ही कंपनी काढली. तिचे पडद्यासारखे उभे स्पीकर शौकीन लोक दिवाणखान्यात मिरवतात. त्यांच्यावर कंपनीचं नाव आहे, आमच्या मुलांच्या जोडीवर नाही. मला वाटतं सभेला अडचण तेवढीच होती.

आणि मुलांनी अंदाजपंचे काही केलेलं नाही. ११ मायक्रॉन जाडीच्या घरगुती फॉइलची ५ मिलिमीटर रुंद पट्टी घेतली तर मीटरला साधारण अर्धा ओहम रोध येतो. ८० सेंटिमीटरच्या दहा फेऱ्या म्हणजे ८ मीटर, म्हणजे ४ ओहम. बऱ्याच अँप्लिफायरना चालणारा आकडा. तरी जोडण्याआधी मल्टिमीटरने मोजलं, कारण मध्येच दोन पट्ट्या एकमेकींना टेकल्या तर अँप्लिफायर जळायची भीती. अ‍ॅल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही, म्हणून टोकं पितळी स्क्रू आणि वॉशरखाली दाबली. चौकट प्लायची. मागे भोकांचा लोखंडी पत्रा, त्यावर चुंबक. भोकांतून आवाज जातो. फिल्म आणि चुंबक यांत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. खर्च झाला तो मुख्यतः चुंबकांवर, बाकी सगळं घरातलं नाहीतर भंगारातलं.

सगळ्यात वेळ खाल्ला ताणाने. फिल्म सैल राहिली की फडफडते, चुंबकाला टेकते. फार ताणली की खालचे स्वर जातात. मुलीचे आजोबा तबला वाजवायचे. ते खुर्ची घेऊन बसले, टिचकी मारायची, कान लावायचा, "या कोपऱ्यात चढलीय, उतरव," म्हणायचं. मुलगा चिकटपट्टी सोडवून पुन्हा ओढायचा. एका विशिष्ट स्वराला फिल्म नको इतकी घुमत होती, तेव्हा तिच्यावर सिलिकॉनचे बारीक ठिपके दिले, तबल्याच्या शाईची आठवण यावी तसे, आणि घुमणं बसलं. आजोबा आणि नात चार महिने एका कामावर एकत्र बसलेत, असं आपल्या किती घरांत दिसतं? दरवर्षी आपण परिसंवाद घेतो, "नवी पिढी मंडळात का येत नाही?" काका, ती आली होती. आपण तिला जिना दाखवला.

आता आक्षेप. शॉक लागेल म्हणे, हजारो व्होल्ट असतात. ते इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरमध्ये, तो वेगळा प्रकार. इथे कुठल्याही स्पीकरला अँप्लिफायर जे देतो तेवढंच. खरी काळजी निओडायमियम चुंबकांची घ्यायला हवी: बोट चिमटतं, पेसमेकर असलेल्यांनी लांब राहावं, आणि कॅसेटचं कपाट त्यांच्या जवळ ठेवू नये, नाहीतर टेप पुसल्या जातील. सभेत हे कुणी विचारलंच नाही. टिकणार नाहीत म्हणे. फिल्म फाटली तर नवी बसवायला एक दुपार पुरते, आणि बसवणारे गल्लीतच राहतात.

बेस कमी आहे, हा आक्षेप मात्र खरा. फिल्म जितका आवाज पुढे टाकते तितकाच मागेही टाकते, उलट्या दाबाचा. खालच्या स्वरांत हे दोन आवाज कडेने वळसा घालून एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ठेवावे लागतात, अँप्लिफायरही जरा दमाचा लागतो. मिरवणुकीला आणि गरब्याला यांचा काडीचा उपयोग नाही. पण आपल्याला वाचनालयात गरबा खेळायचाय का? कपाटात आहे तानपुरा, पेटी, माणसांचा गळा. मुलांनी एक कॅसेट लावली तेव्हा दोन तानांच्या मध्ये गायिकेने घेतलेला श्वास ऐकू आला. मागच्या रांगेतल्या दोन मावशींनी आवाज ओळखून तिचं नाव घेतलं. कोषाध्यक्ष तेव्हा कोटेशन वाचत होते.

आपल्या प्रत्येक स्मरणिकेत कलाभवनाचा उल्लेख असतो. सयाजीरावांनी १८९० मध्ये ते सुरू केलं, त्रिभुवनदास गज्जरांनी उभं केलं, दादासाहेब फाळके तिथे शिकले. हाताने वस्तू करायला शिकवायची शाळा होती ती. बेळगावकर तर सांगतीलच की लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात त्यांच्या गावात सायकलच्या दुकानापासून झाली. या नावांना हार घालायचे आणि घरच्या मुलीच्या हातातल्या कात्रीला हसायचं, हा दुटप्पीपणा नाही तर काय?

फेरविचाराचा अर्ज मी दिलाय, सह्या हव्यात. मागणी साधी आहे: मुलांची जोडी वाचनालयात बसवा, मंडळाचा जुना अँप्लिफायर तिला लावा, वाचलेले पैसे स्पूलवर खर्च करा. दर पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते. त्या वाजवून, साफ करून डिजिटल करून घ्यायला हव्यात, आणि आमच्या स्पूल यंत्राचा रबरी पट्टा गेलाय. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, कुठल्याही मंडळाकडे चालू यंत्र किंवा तसा पट्टा असेल तर कळवा. पट्टा मिळाला नाही तर मुलं म्हणतायत, तोही करून बघू.