हुशार मुलगा आणि प्रौढांचा खटला

“माझा मुलगा वर्गात पहिला असतो, त्याला सर्व काही समजते, हे मी मंडळापुढे ठासून सांगणार आहे,” असे एक माता माझ्या कचेरीत म्हणाली. मुलाला सोळा वर्षे पूर्ण झाली होती आणि आरोप टोळक्यातील मारामारीत झालेल्या खुनाचा होता. पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकविणाऱ्या आईने दुसरे काय सांगावे? परंतु नेमके हेच वाक्य त्या मुलाच्या विरुद्ध जाण्यासारखे होते.

सन २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम १५ अन्वये, ज्या गुन्ह्यास किमान सात वर्षे शिक्षा आहे अशा गुन्ह्याचा आरोप सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर आला, तर बाल न्याय मंडळ त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि घटनेची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यमापन करते. त्यावरून त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याचा मार्ग मोकळा होतो. मुलगा समंजस उत्तरे देतो, म्हणून तो सक्षम, असे अनुमान येथे फार सहज निघते.

माझ्या मते हे अनुमान शास्त्राला धरून नाही. कपाळामागील मेंदूचा जो भाग आवेगाला लगाम घालतो, तो विशीनंतरही काही वर्षे परिपक्व होत असतो. उलट उत्तेजनेची व शाबासकीची ओढ लावणारी मेंदूतील केंद्रे वयात येतानाच प्रबळ होतात. अकरा देशांतील पाच हजारांहून अधिक व्यक्तींची एक पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत भारतातील व्यक्तीही होत्या. शांतपणे विचार करण्याची शक्ती सोळाव्या वर्षाच्या सुमारास प्रौढांइतकी होते, संयम मात्र अठराव्या वर्षानंतरही वाढत राहतो, असे तीत दिसून आले. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेला ३०६ जणांवरील प्रयोग तर अधिकच बोलका आहे. मोटार हाकण्याच्या एका खेळात सोबती पाहत असताना कोवळ्या वयाच्या मुलांनी एकट्याने खेळताना पत्करला त्याहून कितीतरी अधिक धोका पत्करला. चोविशी ओलांडलेल्यांवर सोबत्यांचा तसा परिणाम झाला नाही.

म्हणजे मंडळाच्या शांत खोलीत, खुर्चीवर बसवून विचारपूस केलेला मुलगा निराळा, आणि चौकात पाचजण ओरडत असतानाचा तोच मुलगा निराळा. मोजमाप पहिल्याचे व्हावे आणि शिक्षा दुसऱ्याने भोगावी, हा कुठला न्याय?

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये हे मूल्यमापन नाजूक असल्याचे सांगितले आणि मंडळात बालमानसशास्त्राचा किंवा बालमनोविकाराचा पदवीधर व्यावसायिक नसेल, तर तज्ज्ञांचे साहाय्य घेणे बंधनकारक ठरविले. म्हणून पालकांनी अशा तज्ज्ञाची मागणी लेखी करावी. वकील देण्याची ऐपत नसेल, तर विधिसेवा संस्थांमार्फत मोफत वकील मिळवून देणे हे मंडळाचे कर्तव्यच आहे; तो उपकार नव्हे. मूल्यमापन म्हणजे खटला नव्हे. आरोप नाकारायचा असल्यास वकिलाच्या सल्ल्यावाचून घटनेबद्दल एक शब्दही बोलू नये.

त्या मातेला मी म्हणालो, “बाई, मुलाची हुशारी लपवू नका. पण तो घरी रागावला म्हणजे काय करतो, मित्रांच्या शब्दाबाहेर जातो की नाही, हेही तज्ज्ञाला सांगा.” मंडळाचा आदेश विरुद्ध गेल्यास तीस दिवसांच्या आत सत्र न्यायालयात अपील करता येते, ही तारीखही तिला कागदावर लिहून दिली.