फ्रिजलाही वारा लागतो!



आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. उन्हाळ्याची दुपार आहे, अंगाची नुसती काहिली होतेय. तुम्ही खोलीची दारं-खिडक्या बंद केल्या, फ्रिजचं दार सताड उघडलं आणि त्याच्यासमोर टेबलफॅन लावून बसलात. तासाभरानं खोली गार होईल का?

"होईल!" असं वाटणाऱ्यांनी हात वर करा पाहू. अरे वा, बरेच हात वर आले! आता ते खाली घ्या, कारण खोली गार होणार नाही. उलट सुरुवातीपेक्षा थोडी जास्तच तापेल. आणि विजेचं बिल आल्यावर बाबा तापतील ते वेगळंच!

असं का होतं, ते सांगतो. पण त्याआधी आमच्या आत्याच्या फ्रिजची गोष्ट ऐका.

आत्या नाशिकला पंचवटीत राहते. गेल्या वर्षी तिनं स्वयंपाकघर नवं करून घेतलं. सुतारानं फ्रिजसाठी अगदी मापात कपाट बसवलं. दोन्ही बाजूंना प्लायवूड, मागं प्लायवूड, वर फळी आणि फळीवर लोणच्याच्या बरण्या. दिसायला इतकं छान, की शेजारपाजारच्या बायका मुद्दाम बघायला यायच्या.

मग एप्रिल उजाडला. सकाळी फ्रिजमध्ये ठेवलेलं दूध दुसऱ्या दिवशी नासायला लागलं. बर्फ धड जमेना. आणि फ्रिज मात्र दिवसरात्र घूं घूं करत चालूच! शेवटी आत्यानं मेकॅनिकला बोलावलं.

"गॅस संपला असेल रे बाबा. भरून टाक एकदाचा," आत्या म्हणाली.

त्या दादानं फ्रिजशेजारच्या फटीत हात घातला आणि पटकन बाहेर काढला. "काकू, गॅसला काही झालेलं नाही. फ्रिज ठणठणीत आहे. तुम्ही त्याला कोंडून घातलंय!"

गॅस भरल्याचे पैसे त्याला सहज घेता आले असते. पण त्यानं फक्त येण्याजाण्याचे पैसे घेतले आणि सांगितलं, "सुताराला बोलवा. मागचं प्लायवूड काढायला सांगा. खाली एक जाळी, वर एक जाळी. बस्स!"

आता मुद्द्याचं सांगतो. आपल्याला वाटतं, फ्रिज गारवा तयार करतो. तसं नाही बरं का! फ्रिज हा हमाल आहे. मार्केट यार्डातला हमाल जशी ट्रकमधली पोती उचलून गोदामात नेऊन टाकतो, तसा फ्रिज आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. आतली उष्णता कमी झाली, की तिथं उरतो तो गारवा.

हे काम करतो नळ्यांमधून फिरणारा एक पदार्थ. हल्लीच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये तो असतो आयसोब्युटेन. आतल्या नळ्यांमध्ये त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती तो दुधातून, भाजीतून, पाण्याच्या बाटल्यांमधून ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर ही वाफ दाबतो, त्यामुळे ती चांगलीच तापते आणि बाहेरच्या नळ्यांमध्ये जाते. तिथं ती आपली उष्णता खोलीतल्या हवेला देऊन टाकते, पुन्हा द्रव होते आणि नव्या खेपेला निघते. जुन्या फ्रिजच्या पाठीमागं काळी जाळी दिसते ना, त्याच या नळ्या. नव्या फ्रिजमध्ये त्या बऱ्याचदा बाजूच्या पत्र्याआड असतात. म्हणून फ्रिजच्या कुशी गरम लागतात.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं झालं. दार उघडं ठेवलं, तर हमाल खोलीतलीच पोती उचलून पुन्हा खोलीतच टाकत बसतो. शिवाय कॉम्प्रेसर आणि पंखा जी वीज खातात, तिचीही शेवटी उष्णताच होते. मग खोली तापणार नाही तर काय?

आणि आत्याच्या फ्रिजचं काय झालं होतं? हमालानं पोती बाहेर आणली, पण टाकायला जागाच नव्हती! कपाटात कोंडलेली हवा एकदा तापली की तापली. ती बाहेर जाईना, नवी आत येईना. थांबलेली हवा उष्णतेला फार सावकाश पुढं सरकू देते. आपली गोधडी ऊबदार असते ती कशामुळे? तिच्या थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळेच! म्हणजे आत्यानं भर एप्रिलात फ्रिजला गोधडी पांघरली होती.

सुतारानं मागचं प्लायवूड काढलं, जाळ्या बसवल्या. फरक पडला. पण माझ्या इंजिनियरिंग शिकणाऱ्या आतेभावाला तेवढ्यानं चैन पडेना. त्याच्याकडे बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधला तळहाताएवढा पंखा होता. तो त्यानं वरच्या जाळीवर बसवला. आठवडा गेला, आणि फ्रिज पुन्हा कुरकुरायला लागला! असं कसं? वारा दिला तर उलट व्हायला हवं होतं ना?

कोडं सोडवलं ते आत्यानंच. संध्याकाळी देवापुढं लावायची उदबत्ती तिनं वरच्या जाळीजवळ धरली. धूर वर जायच्या ऐवजी चक्क खाली ओढला जात होता! पंखा उलटा बसला होता. गरम हवा हलकी, ती आपणहून वर जायला निघालेली, आणि हे महाशय तिला वरून खाली ढकलत होते. भावानं जीभ चावली, पंखा फिरवून बसवला. आता हवा खालच्या जाळीतून आत येते, नळ्यांवरून जाते, वरून बाहेर पडते. फ्रिज मधूनमधून विश्रांती घेतो आणि बर्फ टणक होतो.

लक्षात घ्या, पंख्यानं फ्रिजची ताकद वाढवली नाही. त्यानं फक्त वाट मोकळी केली.

गंमत म्हणजे हाच उद्योग जगभरचे प्रवासी करतात. चालतंफिरतं घर असलेली मोठी गाडी, म्हणजे मोटारहोम किंवा कॅराव्हॅन, तुम्ही चित्रात पाहिली असेल. महाराष्ट्र सरकारनंही २०२१ मध्ये अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी धोरण जाहीर केलं. यातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये वेगळ्याच जातीचा फ्रिज असतो. त्यात कॉम्प्रेसरच नसतो. खाली गॅसची छोटी ज्योत लावायची आणि तिच्या उष्णतेवर वर गारवा मिळवायचा! अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांच्यावर चालणारा हा फ्रिज १९२२ मध्ये स्टॉकहोममधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधून काढला. त्यात फिरणारा एकही भाग नाही, म्हणून आवाजही नाही. पण गाडीच्या अरुंद भिंतीत तो बसवला आणि वर ऊन तापलं, की आत्याच्या कपाटासारखीच गत. मग लोक त्याच्या पाठीमागं गाडीच्या बॅटरीवर चालणारे छोटे पंखे लावतात. अर्थात वर तोंड करून!

इथवर पंखा फ्रिजच्या बाहेर होता. आता त्याला आत नेऊ. त्यासाठी पंचवटीतून निघून दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतकडे जाऊ या. नाशिकची द्राक्षं कुणाला ठाऊक नाहीत? जानेवारी ते एप्रिल हा त्यांचा हंगाम. इथली द्राक्षं मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून थेट नेदरलँड्सला, इंग्लंडला जातात. जहाजाचा हा प्रवास काही आठवड्यांचा. तिथं पेटी उघडणारा माणूस आधी काय बघतो माहीत आहे? देठ! मणी टपोरे असले, पण देठ वाळून तपकिरी झाला असेल, तर माल शिळा ठरतो. आणि बागायतदाराची वर्षभराची मेहनत, छाटणी, फवारण्या, कर्ज, सगळं त्या देठावर लटकलेलं असतं.

तोडलेला घड मेलेला नसतो बरं का! तो श्वास घेत असतो, उष्णता सोडत असतो, त्याच्यातलं पाणी उडत असतो. जितकं ऊन जास्त, तितकं हे सगळं भराभर. म्हणून द्राक्षं सकाळीच, उन्हं चढायच्या आत तोडतात आणि लगेच पॅकहाऊसमध्ये नेतात. तिथं पेट्या भरल्या, की त्यांना गार करायचं असतं. याला म्हणतात पूर्वशीतकरण. बागायतदार साधं 'प्रीकूलिंग' म्हणतात.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, पेट्या शीतगृहात ठेवल्या की झालं! इथंच तर गोधडी आडवी येते. मण्याभोवती हवा, घडाभोवती हवा, पेटीभोवती हवा. गोधडीवर गोधडी! नुसत्या थंड खोलीत ठेवलेल्या पेट्यांची थप्पी मधल्या पेटीपर्यंत गार व्हायला एका दिवसाहून जास्त वेळ लागू शकतो. तोवर देठ सुकायला लागलेले असतात.

मग युक्ती काय? पेट्यांच्या दोन रांगा समोरासमोर लावायच्या, मध्ये बोळ ठेवायचा. बोळावर ताडपत्री टाकायची आणि टोकाला मोठा पंखा लावायचा. पंखा बोळातली हवा ओढतो. मग बाहेरच्या गार हवेला आत शिरायला एकच वाट उरते, ती म्हणजे पेट्यांना पाडलेली भोकं! ती मण्यामण्यांमधून वाट काढत जाते आणि सगळ्या गोधड्या ओढून काढते. दिवसाहून जास्त वेळ लागणारं काम सहा-आठ तासांत होतं आणि द्राक्षं चार अंशांच्या आसपास येतात. खोली तीच, गारवा तोच. बदलली ती हवेची वाट.

१९९१ मध्ये महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन 'महाग्रेप्स' उभी केली. परदेशी माल पाठवायचा, तर प्रीकूलिंग आणि शीतगृहं हवीतच, हे त्या काळात आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी ओळखलं. कारण जहाजावरच्या थंड कंटेनरचं काम असतं गार माल गार ठेवणं. गरम माल भराभर गार करण्याइतकी ताकद त्याच्या यंत्रात नसते. कंटेनरच्या तळाला लांबलचक खाचा असतात. पंखा गार हवा त्यांतून सोडतो, ती पेट्यांमधून वर चढते आणि छतालगत परत यंत्राकडे जाते. म्हणून आत वरच्या बाजूला एक रेघ आखलेली असते. तिच्यावर पेट्या रचायच्या नाहीत. रचल्या, तर? बरोबर! आत्याचं कपाट!

२०२४ च्या हंगामात लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घातला आणि प्रवास बरेच दिवस लांबला. अशा वेळी पहिल्या दिवशीच्या त्या सहा-आठ तासांचं मोल किती असतं, विचार करा.

मात्र जास्त तेही वाईट. द्राक्षं गार झाली, की पंख्याचा जोर कमी करावा लागतो आणि खोलीत दमटपणाही राखावा लागतो. नाहीतर तोच वारा देठ सुकवून टाकतो.

आता तुमच्यासाठी प्रयोग. आईला सांगून सारख्या आकाराचे तीन बटाटे सालीसकट उकडून घ्या. पहिला ताटलीत ठेवून वारा नसलेल्या कोपऱ्यात ठेवा. दुसरा ताटलीतच, पण टेबलफॅनसमोर. तिसराही फॅनसमोर, पण घट्ट झाकणाच्या डब्यात. वीस मिनिटांनी मोठ्यांच्या मदतीनं तिन्ही मधोमध कापा आणि कुठला किती गरम आहे ते पाहा. तिसऱ्याला पंख्याचा काय उपयोग झाला? भोकं नसलेली पेटी म्हणजे काय, ते तेव्हा कळेल. तापाचा थर्मामीटर मात्र बटाट्यात खुपसू नका हं! आणि उरलेल्या बटाट्यांची भाजी करायला विसरू नका.

आई-बाबांसाठीही एक काम. आज आपल्या फ्रिजच्या मागं डोकावून बघा. भिंतीला चिकटलाय का? मागं पिशव्या कोंबल्यात का? जाळीवर धूळ साचलीय का? प्लग काढून धूळ झटका आणि थोडी जागा सोडा. मुलांनो, हे काम मोठ्यांनाच करू द्या. पंखे जोडायचा उद्योगही आपल्या मनानं करायचा नाही.

आणि हो, फ्रिजच्या आतही डब्यांची इतकी गर्दी करू नका, की हवेला हलायला जागा राहणार नाही. हमाल कितीही तगडा असला, तरी त्याला वाट तर हवी ना!

पुढच्या अंकात भेटूच. तोवर बटाट्यांचं काय झालं, ते पत्रानं जरूर कळवा.