पैसे भरले म्हणून नदी ऐकत नाही

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. निमित्त घरातल्याच भांडणाचं आहे. नातेवाइकांपैकी कुणाला टोचलं तर आधीच सांगते, टोचावं म्हणूनच लिहिलंय.

गेल्या महिन्यात आम्ही अकरा जण कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंगला गेलो. हो, मीसुद्धा! वय 73, हृदयात एक स्टेंट, रोज रक्तदाबाची गोळी, पण पाण्याची हौस काही जात नाही. फॉर्मवर ते सगळं मी खरं लिहिलं. (मास्तरीण असण्याचा हा तोटा.) गाईडने फॉर्म वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आजी, रागावू नका, पण तुम्हाला बोटीत घेणार नाही." मग पुतण्याच्या मुलाला वय विचारलं. अकरा. त्यांची अट चौदाची. तोही बाद.

झालं! पुतण्या तापला. "पैसे भरलेत आम्ही. काकू रोज पर्वती चढते. मुलाला पोहण्यात पदकं आहेत." गाईड ढिम्म. शेवटी पाचशेची नोटसुद्धा पुढे झाली, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. घरी आल्यावर पुतण्याने इंटरनेटवर एक तारा देऊन 'उर्मट माणसं' असं लिहिलं. आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर त्याला भराभर अंगठे पडले. माझा पडला नाही. का, ते सांगते.

पोहता येतं, हा मुद्दाच गैरलागू आहे. तलावातलं पाणी उभं असतं, आपण त्यातून जातो. इथे पाणी जातं आणि आपल्याला नेतं. बोटीबाहेर पडलात तर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवायचे आणि उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, असं तो गाईड सगळ्यांना घोकून घोकून सांगत होता. कंबरभर पाण्यातसुद्धा! पाय दगडांच्या फटीत अडकला की मागचं पाणी माणसाला आडवं पाडतं आणि दाबून धरतं. तिथे पदकं काय करणार? शिवाय बोट काही गाईड एकटा चालवत नाही. तो मागे बसून दिशा देतो, जोर सगळ्यांच्या वल्ह्यांचा असतो. ऐन खळाळात एकाने घाबरून वल्हं सोडलं तर बोट आडवी होते, सगळ्यांसकट. तेव्हा 'आमच्या जबाबदारीवर नेतो' हे बोलायला सोपं आहे, पण ती जबाबदारी शेजारी बसलेल्या परक्या मुलीच्याही गळ्यात पडते, त्याचं काय?

"नदी सौम्य आहे, दोन-तीन ग्रेडची," हे पुतण्याचं दुसरं म्हणणं. बरोबर आहे. ग्रेड एक ते सहा असतात आणि कुंडलिका खालच्याच अंगाला आहे. पण ग्रेड पाण्याचा असतो, माझ्या हृदयाचा नव्हे.

आणि हे पाणी तरी कुठलं? मुळशीचं. एरवी मुळेतून भीमेला, पूर्वेला गेलं असतं. ते धरणात अडवून सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात आणि मग ते कुंडलिकेला मिळतं. ज्या धरणाविरुद्ध 1921 साली मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापट ज्यासाठी तुरुंगात गेले, ते हे पाणी. (वर्गात मी हे तळमळीने शिकवायची. बोटीत बसणाऱ्या एकाला तरी माहीत असेल का? असो.) सांगायचा मुद्दा, वीजघर चालू झालं की नदीला पाणी, बंद झालं की दगड. गाईडचा सगळा धंदा त्या काही तासांत. त्यातला अर्धा तास आम्ही हुज्जतीत खाल्ला, तरी तो बधला नाही. याला उर्मटपणा म्हणायचं?

उत्तराखंडात उच्च न्यायालयाने जून 2018 मध्ये नियम होईपर्यंत राफ्टिंग थांबवलं होतं. आपल्या राज्याने 2021 साली साहसी पर्यटनाचं धोरण केलं. अपघात झाला की आपणच 'नियम कुठे आहेत' म्हणून ओरडतो, आणि नियम पाळणारा भेटला की त्याला एक तारा.

आता एक गोष्ट, जी घरात कुणालाच सांगितलेली नाही. 1986 साली आठवीची सहल घेऊन मी नदीकाठच्या एका देवळात गेले होते. मुलं मागे लागली, "बाई, फक्त गुडघ्यापर्यंत!" बरोबरचे सर नको म्हणत होते. मी मुलांची लाडकी बाई, हो म्हटलं. एक मुलगा शेवाळावरून घसरला आणि बघता बघता धारेला लागला. म्हशी धूत असलेल्या एका माणसाने उडी घालून त्याला सदऱ्याला धरून ओढलं, म्हणून वाचला. मुख्याध्यापकांना मी सांगितलं, 'एक जण थोडा भिजला.' त्याच्या आईला तेवढंही सांगितलं नाही. ती मुलं आज पन्नाशीच्या पुढे आहेत, भेटली की म्हणतात, बाई, काय मस्त सहल होती ती! आणि नको म्हणणारे सर त्यांच्या आठवणीत खडूसच राहिले. तेव्हा तारे द्यायची सोय असती, तर मला पाच पडले असते.

पुतण्याची एक तक्रार मात्र रास्त आहे. वयाची आणि आजारांची अट जाहिरातीत बारीक अक्षरांत होती, पैसे घेण्याआधी ठळक सांगायला हवी होती. त्याबद्दल जरूर लिही रे बाबा, मी सही करते. 'उर्मट' तेवढं काढ.

बाकीचे पाण्यात असताना आम्ही दोघं बाद खेळाडू गाडीने पुढे जाऊन, जिथे बोटी काठाला लागतात तिथे सरबत पीत बसलो. छोटा आधी फुगला होता. मग त्याने बोटांवर मोजून सांगितलं की त्याला चौदा पूर्ण व्हायला एकतीस महिने आहेत. "काकूआजी, तेव्हा तू येशील?" म्हटलं, येईन की, इथपर्यंत.

रविवारी सगळे जेवायला या. भांडायचं असेल तर जेवणानंतर.