थंडीच्या दिवसांत गाडीची निगा

रब्बीची पेरणी उरकली, कारखान्यांचे गाळप सुरू झाले, की पहाटेच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, दुधाच्या गाड्या आणि बाजाराला निघालेला भाजीपाला यांची गर्दी होते. नेमके याच दिवसांत नदीकाठी धुके उतरते. थंडी पडली की आपण गोठ्याला आडोसा करतो. गाडीकडे मात्र ती बंद पडल्याशिवाय पाहत नाही.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात मी पहाटे पीक पाहणीला निघालो होतो. जीपची काच आतून दमट झाली होती, ती हाताने पुसत चाललो होतो. अचानक पुढ्यात ऊस दिसला. चाक निखळलेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती. ब्रेक लागला तेव्हा मध्ये जेमतेम दोन हात अंतर उरले. ट्रॉलीवाला कडेला शेकत बसला होता. म्हणाला, "साहेब, दिवा हाय की, पर वाढ्याखाली गेलाय." चूक त्याची, तशी माझीही. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते, हे मी विसरलो होतो.

म्हणून पहिले काम दिसण्याचे. काच आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा. आत वाफ धरली तर पंख्याची गरम हवा काचेवर सोडा. वायपरचे रबर कडक झाले असेल तर बदला. धुक्यात मोठा प्रकाश लावू नका. तो धुक्यावर आदळून आपल्याच डोळ्यांवर येतो. दिवे खाली करून, सावकाश चालवा.

दुसरे काम दुसऱ्याला दिसण्याचे. ट्रॉलीला मागे लाल, पुढे पांढरे आणि बाजूंना पिवळे रिफ्लेक्टर लावा. ऊस भरून झाला की मागे जाऊन पाहा. वाढे लोंबत असतील तर कोयत्याने छाटा. बैलगाडीलाही मागे चकाकणारी पट्टी हवीच. गाडी बंद पडली तर ती कडेला घ्या, मागे बऱ्याच अंतरावर खूण ठेवा आणि निघताना चाकाला लावलेले दगड उचलायला विसरू नका. मागे राहिलेला तो दगड रात्री एखाद्या मोटारसायकलवाल्याचा जीव घेतो.

थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो. टोकांवर पांढरट-हिरवट क्षार साचले असतील तर झाकणे घट्ट लावून, वायरी सोडवून, खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने टोके धुवा. वायर सोडवताना आधी मायनसची सोडवा. टोके कोरडी करून व्हॅसलीन लावा. डिझेल गाडीत हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबा, मगच सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका. रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी ओतू नका, त्याने आत क्षार बसतात. कंपनीने सांगितलेले कूलंटच वापरा. गारठ्यात टायरमधली हवाही उतरते. ती सकाळी, टायर थंड असताना तपासा.

सेल्फ मारण्याआधी बॉनेटवर एक थाप मारा. उबेला मांजर आत शिरलेले असते. उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का, तेही पाहा.

आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. थंडी वाजते म्हणून गाडीच्या काचा लावून, इंजिन चालू ठेवून झोपू नका. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतला माणूस उठत नाही.

घरच्या मंडळींना शेवटी एकच विनंती. बाहेर दाट धुके असेल तर "अजून निघाला नाहीत?" असे विचारू नका. "अजून एक चहा घ्या, ऊन पडल्यावर निघा," असे म्हणा. बाजार तासभर उशिरा गाठला तर दोन पैसे कमी मिळतील, पण माणूस घरी परत येईल.